सील घटले, की दुसरीकडे गेले?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एका खाडीतील हार्बर सील या किनाऱ्यालगत राहणाऱ्या सागरी सस्तन प्राण्यांची संख्या काही महिन्यांत निम्म्यावर आल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. पहिली मोजणी उन्हाळ्यातील आणि दुसरी हिवाळ्यातील होती, हा तपशील बातमीच्या अगदी शेवटी आला आहे. माझ्या मते तेवढ्यानेच तिचा मथळा कोसळतो.

सीलची मोजणी करताना पाण्याबाहेर आलेलेच प्राणी मोजता येतात. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्ट्यांवर ते येऊन पहुडतात, पण किती येतील हे ऋतूवर ठरते. पिल्लांच्या हंगामात माद्या साधारण चार आठवडे दूध पाजतात, त्यानंतर सर्वांचे जुने केस गळून नवे येतात, आणि नव्या केसांच्या वाढीसाठी त्वचेला जी ऊब लागते ती थंड पाण्यात टिकत नसल्याने ते तासन्‌तास कोरड्यात राहतात. डेन्मार्क, जर्मनी आणि नेदरलँड्सच्या किनाऱ्यावरील वाडन समुद्रात विमानातून होणारी मुख्य गणती ऑगस्टमध्ये, ओहोटीच्याच वेळी केली जाते ती यामुळेच. पिल्लांच्या हंगामातही बरेच सील पाण्यात असतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात तर त्या हंगामातील किनाऱ्यावरच्या आकड्याला १.५३ ने गुणून एकूण संख्येचा अंदाज बांधण्यात आला आहे.

शिवाय प्रत्येक खाडीचे वेळापत्रक वेगळे. याच राज्याच्या दक्षिण सीमेवरील कोलंबिया नदीच्या मुखात भर हिवाळ्यातच सीलची गर्दी होते, कारण युलाकॉन हे छोटे, तेलकट मासे तेव्हा अंडी घालायला नदीत शिरतात. वसंतात त्यांपैकी अनेक सील पिल्लांसाठी ग्रेज हार्बर आणि विलापा या शेजारच्या उपसागरांकडे सरकतात. केवळ नदीचे मुख पाहणाऱ्याला जानेवारीत सील ‘फार माजले’ आणि जूनमध्ये ‘संपत आले’ असेच वाटेल. (पहिला समज अधिक घातक: सील मासे फस्त करतात म्हणून १९६० पर्यंत वॉशिंग्टन राज्य ते मारणाऱ्याला बक्षीस देत असे.)

मोजणी बिघडायला एक होडीही पुरते. ती जवळ येताच कडेचा एखादा सील मान उंचावतो, मग शेजारचे उंचावतात, आणि पाहता पाहता पट्टा रिकामा होऊन पाण्यावर फक्त काही गोल डोकी उरतात. त्या दिवशीचा आकडा मग सीलचा कमी आणि होडीचा जास्त असतो.

खरी घट होतच नाही, असे मला म्हणायचे नाही. १९८८ आणि २००२ मध्ये विषाणूच्या साथीने युरोपच्या किनाऱ्यांवर हजारो सील मेले; मात्र तेव्हा मेलेले प्राणी किनाऱ्याला लागत होते. यापुढे अशी बातमी देताना मोजणीचा महिना, भरती-ओहोटीची वेळ आणि तुलनेसाठी आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा पहिल्याच परिच्छेदात द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक