चि. प्राचीस, खानापूरला

चि. प्राची,
अनेक आशीर्वाद.

मावशीच्या फोनवर तू येत नाहीस, म्हणून दादाच्या हातून ही चिठ्ठी देते. तुझा फोन माझ्या कपाटात आहे. त्यातलं मी काही पुसलेलं नाही. तूही दुसऱ्या कुणाच्या फोनवरून खातं उघडून पुसू नकोस, वकिलांनी बजावून सांगितलंय.

रागावणार नाही असं ठरवून बसलेय. तू बालवाडीत असताना निघून गेलेला माणूस एकाएकी 'बाळा' म्हणाला, तर कुणाचा जीव हलणार नाही? आधी वाढदिवसाचे पैसे आले. मग 'आईचं दुकान कसं चाललंय' झालं, आणि मग 'ऑर्डरची वही दाखव की'. तुला वाटलं, नुसती मापं तर आहेत. पण त्या वहीत पोरांची नावं आहेत, नंबर आहेत, कंपनी आहे. कुठल्या तारखेला किती फिती हव्यात, यावरून कुठली तुकडी कधी बाहेर पडणार ते कळतं गे. बेळगावात १९२२ पासून लष्कराचं मराठा सेंटर आहे. कॅम्पातल्या शिंप्याला जे दिसतं ते तो बाहेर बोलत नाही, हे तुझ्या आज्जीनं मला मशीनवर बसवायच्या आधी शिकवलं होतं.

मामाचं काही सांगितलंस का? तो सध्या कुठं आहे, सुट्टीवर कधी येणार?

१९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आहे. लष्कराची बाब असेल तर १४ वर्षांपर्यंत कैद. वकिलांनी आकडा सांगितला आणि मी त्यात तुझं वय मिळवून बघितलं. तू अजून अठराची नाहीस, त्यामुळे तुझं वेगळं चालेल म्हणतात. तरी माणसानं आधी विचार करावा, कोण कशाला विचारतंय ते... बघ, लागलेच भाषण द्यायला. राहू दे.

पहाटे ती पोरं पळत जायची तेव्हा तू दुकानाच्या पायरीवर बसलेली असायचीस. ती 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की' म्हणाली, की तू पुढचे दात पडलेल्या तोंडानं 'जय' ओरडायचीस. त्यातलाच एक तुझा मामा. त्याच्या कसम परेडला आज्जीनं कुंदा नेला होता, आणि परेड सुटायच्या आत अर्धा तूच संपवलास.

सांबऱ्याच्या विमानतळाचा व्हिडिओ तुझ्या बापानं मागितला, तेव्हा तू 'नाही जमणार पप्पा' लिहिलंस. तो चिडला, पैशांची आठवण करून दिली, तरी तू पाठवला नाहीस. ते वाचून मी पदर तोंडाला लावला. एवढी धमक माझ्यात तुझ्या वयात नव्हती. पण त्यानंतर दोन दिवसांचे मेसेज दिसत नाहीत. त्यात मामा होता का?

शनिवारी सकाळच्या बसनं मी येते, वकीलही येतील. कुणी दारात यायच्या आधी आपण आपणहून जायचं. कॉलेजचं ओळखपत्र काढून ठेव. मावशीला पीयूसीच्या अभ्यासाचंच सांगितलंय, ती उगाच काही विचारणार नाही. नीट जेव. आणि काय काय पाठवलंस ते आठवेल तसं कागदावर लिहून काढ, तारखेसकट. मामाचं पहिल्या ओळीत लिही.

तुझी
आई