मॅम, तुमचा नंबर सांगितल्याबद्दल

मॅम,

हे आभार व्हॉट्सॲपवर लिहिले असते तर तुम्ही एक अंगठा पाठवला असता आणि खाली "झोप आता" असं लिहिलं असतं. फोनवर बोलायला जावं तर तुम्ही विषय बदलता, हेही मला आता पाठ झालंय. म्हणून चारचौघांत लिहितेय, इथे तुम्हाला विषय बदलता येणार नाही. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंय, ते पाळते. आपल्या कॉलेजच्या लोकांना तसंही दोन ओळींत कळेल.

ज्यांना अमेरिकेतल्या 'मॅच'चा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत रेसिडेन्सी म्हणजे आपल्याकडच्या पीजीसारखं. परीक्षा, अर्ज, मुलाखती सगळं उरकलं की शेवटी एक यादी भरायची असते. जिथे मुलाखत झाली ती हॉस्पिटलं आपण पसंतीने लावायची, त्यांनी आपल्याला त्यांच्या पसंतीने लावायचं, आणि मार्चमध्ये दोन्ही याद्या जुळवून निकाल लागतो: सोमवारी लागलं की नाही एवढंच कळतं, कुठे लागलं ते शुक्रवारी. यालाच मॅच म्हणतात, १९५२ पासून चालू आहे. आपल्या कॅप राउंडची सवय असलेल्याला वाटतं, त्यात काय, प्रेफरन्स भरायचे. पण कॅपला आपला मेरिट नंबर हातात असतो, मागच्या वर्षीचा कटऑफ समोर असतो, पहिल्या राउंडला नाही लागलं तर दुसरा असतो. इथे काहीच दिसत नाही, निकाल एकदाच लागतो, आणि लागेल तिथे जावंच लागतं. बाहेर शिकलेल्या, अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या शंभर डॉक्टरांपैकी अलीकडे साधारण ५८-५९ जणांना जागा मिळते. गेल्या वर्षी मी उरलेल्यांत होते.

गेल्या वर्षीचं तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. आता सांगूनच टाकते.

मी एका कन्सल्टन्सीत पैसे भरले होते. बाबांनी भरले, खरं तर. पॅकेजमध्ये "रँक लिस्ट स्ट्रॅटेजी" असं एक स्वतंत्र सेशन होतं. माझ्या हातात पाच मुलाखती. मेंटॉर म्हणवणाऱ्या त्या माणसाने खालच्या दोन काढायला लावल्या. कारण काय, तर लिस्ट छोटी आणि टोकदार असली की प्रोग्रॅमला, म्हणजे हॉस्पिटलला, आपण सिरियस वाटतो, आणि तळाला लहान गावातली हॉस्पिटलं दिसली की वरच्यांकडे आपली किंमत कमी होते. इतक्या ठामपणे सांगितलं की मला वाटलं, हा रोज हेच करतोय, याला कळत असणार. हॉस्पिटलांना आपली यादी दिसतच नाही, कधीच नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. त्या दोनांपैकी एखाद्यात लागलं असतं की नाही, देव जाणे. पण त्या सोमवारी संध्याकाळी "मॅच झालेला नाही" अशी मेल आली, त्यानंतर त्या मेंटॉरने फोन उचलला नाही. गुरुवारी कन्सल्टन्सीचा मेसेज आला. पुढच्या वर्षीच्या पॅकेजवर जुन्या विद्यार्थ्यांना सवलत आहे म्हणे.

तो आठवडाही मी एकटीनेच काढला. उरलेल्या जागांसाठी त्याच आठवड्यात सोप नावाची धावपळ असते. त्यात आपण हॉस्पिटलला स्वतःहून फोन करायचा नाही, मेल करायची नाही, त्यांच्याकडून बोलावणं येईतो बसायचं. व्हिसा लागणाऱ्याला तिथे कोण विचारतं! ज्या हॉस्पिटलने फेब्रुवारीत "तुम्ही आमच्या यादीत फार वर आहात" अशी गोड मेल पाठवली होती, त्यांच्याकडून तर एक अक्षर नाही. या मेलांना आपल्यात लव्ह लेटर म्हणतात. मी ती आईला वाचून दाखवली होती.

या वर्षी नऊ मुलाखती झाल्या आणि फेब्रुवारी आला तसा जुना घोळ परत सुरू झाला. ग्रुपवर एक जण लिहायचा बारा हव्यात, दुसरा म्हणायचा पंधराच्या खाली असाल तर पुढच्या वर्षीची तयारी करा. शिकागोकडचे एक लांबचे काका होते. स्वतः डॉक्टर, सत्तरच्या दशकात आलेले. त्यांनी फोनवर "नऊच? आमच्या वेळी..." म्हणत जे सुरू केलं, ते काकूंनी जेवायला बोलावलं तेव्हाच संपलं. मला काही विचारायचं होतं ते राहूनच गेलं. आणि गंमत म्हणजे, ज्यांचं लागलं होतं अशा एकाही सीनिअरने, मी स्पष्ट विचारूनही, आपलं कितव्या नंबरावर लागलं ते सांगितलं नाही. "अरे, वरच्यातच लागलं" एवढंच. सगळ्यांचं वरच्यातच लागलेलं. मग खालची हॉस्पिटलं भरतात कोण?

तुमचा फोन नंबर मला एका बॅचमेटने दिला. मी "गुड इव्हिनिंग मॅम, मी आपल्याच कॉलेजची" असा लांबलचक मेसेज टाकला आणि विसरून गेले. उत्तर आलं ते एका फोटोचं.

तुमच्या वर्षी सर्टिफाय केलेल्या, म्हणजे पक्की करून पाठवलेल्या, लिस्टचा स्क्रीनशॉट. अकरा नावं. दहाव्या नावाभोवती बोटाने काढलेला लाल गोल, तोही धड बंद न झालेला. खाली एकच ओळ: "मी इथे लागले. घरी तिसरा नंबर सांगितलाय."

मॅम, मी तो फोटो किती वेळ बघत बसले ते सांगत नाही. तुम्ही मला ओळखतही नव्हता. स्कोअर विचारला नाहीत, किती वर्षांचा गॅप आहे विचारलं नाहीत, "कुणाला दाखवू नकोस" असंही म्हणाला नाहीत. जी गोष्ट लोक सख्ख्या मित्राला सांगत नाहीत, ती तुम्ही अनोळखी ज्युनिअरला पाठवून दिलीत. (इथे लिहायच्या आधी तुम्हाला विचारलंय. "लिही, आईला कळलं तरी आता चालेल," असं म्हणालात.) त्या लाल गोलाने माझ्यासाठी जे केलं ते त्या अख्ख्या पॅकेजने केलं नव्हतं. दहावा नंबर लागलेली बाई आज तिसऱ्या वर्षाला आहे, चीफ रेसिडेंट होणार आहे, रात्रभर आयसीयू सांभाळून सकाळी कुणा ज्युनिअरला फोटो पाठवतेय. म्हणजे दहावा नंबर लागून काही बिघडत नाही.

मग तुमचा फोन आला. नाइट ड्युटी संपवून तुम्ही पार्किंगमध्ये गाडीत बसला होता. काचेवरचा बर्फ वितळायची वाट बघत होता, मागे हीटरचा घुंईं असा आवाज. आमच्याकडे बार्शीत दिवेलागण झाली होती. मी पहिलाच प्रश्न विचारला, नऊ पुरे का? तुम्ही म्हणालात, "तू नऊ नावं वाच. एकेक."

मी एक नाव वाचायचं, तुम्ही एकच विचारायचं: "सोमवारी लागलं म्हणून कळलं, आणि शुक्रवारी हे नाव निघालं, तर बॅग भरशील?" बस. हॉस्पिटल केवढं, फेलोशिप मिळते का, गावात इंडियन ग्रोसरी आहे का, यातलं काही नाही. पाचव्या नावाला मी म्हटलं, तिथला माणूस मुलाखतीत माझ्याशी नीट बोललाच नाही. तुम्ही म्हणालात, तो बोलला नाही हे त्याचं झालं, तू बॅग भरशील का ते सांग. भरेन म्हटलं. "मग राहू दे."

नवव्याला मी गप्प झाले. तिथल्या रेसिडेंट्सबरोबरच्या तासात एकानेही कॅमेरा लावला नव्हता, आणि सुट्ट्यांचं विचारल्यावर सगळे एकदम शांत झाले होते. तीन वर्षं काढायची होती तिथे. तुम्ही थांबलात. घाई केली नाहीत. वायपर एकदा फिरल्याचा आवाज आला, मग पुन्हा हीटर. मी म्हटलं, नाही भरणार. "मग खोड. लागलं आणि गेली नाहीस तर नियम मोडल्यासारखं होतं, पुढच्या मॅचलासुद्धा बंदी येऊ शकते. पण खोडायचं ते तू ठरवून, मी सांगितलं म्हणून नाही."

आईने हे सगळं दारातून ऐकलं होतं. म्हणाली, बरोबरच आहे की, जिथे द्यायचीच नाही त्या स्थळाला पत्रिका कशाला धाडायची. तुम्ही फोनवर इतक्या जोरात हसलात की मला स्पीकर कमी करावा लागला.

तरी माझी शंका होतीच, की खाली आठ-आठ नावं लिहिली तर वरच्यांकडे वजन कमी नाही का पडत? तुम्ही थकला होता, तरी समजावलंत. गणित माझ्या पहिल्या नावापासून सुरू होतं. तिथे जागा धरता आली नाही तरच दुसऱ्याकडे वळतं, मग तिसऱ्याकडे. खाली काय लिहिलंय याचा वरती काडीचा फरक पडत नाही. वीस नावांपर्यंत वेगळे पैसेही पडत नाहीत, त्यापुढे नावामागे तीस डॉलर. मी म्हटलं, पण मॅच झालेल्यांच्या याद्या लांब असतात असं मॅच चालवणाऱ्यांच्याच रिपोर्टमध्ये दिसतं. त्यावर तुम्ही खास आपल्या मेडिसिनच्या व्हायव्हातल्या सुरात म्हणालात, "ते साइन आहे गं, कॉज नाही. ज्याला जास्त जणांनी बोलावलं त्याची यादी लांब होते. बोलावलेल्यांतली नावं तू खोडलीस म्हणून कुणी तुला जास्त भाव देणार नाही." आणि मी मेंटॉरचं नाव काढलं तेव्हा: "आल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाने नव्याने बांधलेलं गणित आहे ते, १९९८ पासून चालतंय. त्याला २०१२ साली नोबेल मिळालं. तुझ्या मेंटॉरला काय मिळालं?"

मॅम, हे वाक्य मी आमच्या घरी रोज म्हणते.

लिस्ट सर्टिफाय करताना तुम्ही लाइनवर होता. बटण दाबलं, मेल आली का विचारलंत, आली म्हटल्यावर "आता डेडलाइनपर्यंत ते पान उघडायचं नाही" म्हणालात आणि गाडी सुरू केलीत. शेवटच्या आठवड्यात माझ्याही हाताला खाज सुटली होती. एका प्रोग्रॅमची गोड मेल आली आणि त्यांना चौथ्यावरून पहिल्यावर न्यावं असं वाटायला लागलं. तुम्हाला मेल फॉरवर्ड केली. उत्तर: "छान लिहिलीय. क्रम तोच ठेव."

माझं तिसऱ्या नंबरावर लागलं. इंटर्नल मेडिसिन, मिशिगनमधलं एक मध्यम हॉस्पिटल. शुक्रवारी रात्री साडेनऊला नाव आलं आणि बाबा आधी नकाशा उघडून बसले. म्हणजे खालच्या पाच नावांची गरजच पडली नाही. ज्याच्यावरून मी इतकं डोकं पिकवलं, ते पाचवं नाव कुणाच्या कामाला आलं नाही. पण फेब्रुवारी ते मार्च मी झोपले, ती त्या पाच नावांमुळे आणि तुमच्या लाल गोलामुळे. गेल्या वर्षी त्याच दिवसांत मी पहाटे तीनला गच्चीवर फेऱ्या मारत असायचे, हे आईला विचारा.

आता मलाही मेसेज येतात. परवा एका मुलीने विचारलं, सात रँक पुरे का? मी आधी तिला माझी लिस्ट पाठवली, तिसऱ्या नावाला गोल करून, आणि गेल्या वर्षीची तीन नावांची पण. मग म्हटलं, सात नावं वाच. आम्ही वाचत होतो तेव्हा तिच्याकडे लाइट गेली, मोबाइलच्या उजेडात वाचली तिने. सातही राहिली. शिकलेली माणसं एकमेकांपासून एवढं का लपवतात मला कळत नाही. मार्क लपवतात, पगार लपवतात, कितव्या प्रयत्नात पास झालो ते लपवतात, आणि मागून येणारा त्या लपवालपवीचे पैसे कुठल्यातरी कन्सल्टन्सीत भरतो. तुमच्यासारखी चार माणसं प्रत्येक कॉलेजमागे निघाली तर या दुकानांना कुलपं लागतील.

बीकेसीतला व्हिसाचा इंटरव्ह्यू झाला. जूनमध्ये ओरिएंटेशन आहे, तुमच्या गावाहून गाडीने चार तास म्हणे. शेंगाची चटणी दोन किलो आणतेय, आईने खलबत्त्यात कुटलेली, त्यातली एक पिशवी तुमची. "कशाला उगाच" असं म्हणायचं नाही. आणि भेटल्यावर तुम्हाला ताई म्हणायचं असं तुम्ही सांगितलंय, पण आपल्या कॉलेजची सवय आहे, ते काही मला जमणार नाही.

तुमची,
बार्शीची ज्युनिअर