हॉस्पिटल आधी, रान मग

ओनलास्का, विस्कॉन्सिन
मार्च

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

मोंटानातल्या त्या घराचे फोटो पाहिले. घर देखणं आहे, मागे डोंगर, पुढे नदी, आणि दलालाने लिहिलंय तसे एल्क, ती थोराड हरणं, खरोखरच कुंपणापर्यंत येत असतील. फोनवर तू इतका खुशीत होतास की मला मधे बोलवेना. पण तेव्हापासून मन स्वस्थ नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. रागावू नकोस. तू ते घर घेऊ नयेस असं मला मनापासून वाटतं.

तुझी अँजिओप्लास्टी होऊन अजून वर्षही झालेलं नाही. डॉक्टरांनी शिकारीला परवानगी दिली हे खरं, पण ती शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये राहणाऱ्या सुधीरला दिली, जिथे कुठल्याही दिशेने गाडी वळवली तरी मोठं हॉस्पिटल येतं. त्या घरापासून सगळ्यात जवळचं हॉस्पिटल पंचवीस खाटांचं आहे. अशा हॉस्पिटलांना इथे 'क्रिटिकल अ‍ॅक्सेस' म्हणतात. १९९७ च्या कायद्याने ही सोय झाली आणि खेड्यापाड्यातल्या लोकांना तिचा मोठा आधार आहे. तिथे चोवीस तास ईआर, म्हणजे तातडीचा विभाग, असते, चांगले लोक असतात. हृदयाच्या बंद रक्तवाहिन्या उघडायची कॅथ लॅब मात्र बहुधा नसते. छातीत कळ आली तर ते ईसीजी काढतील, अ‍ॅस्पिरिन देतील, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतील आणि मोठ्या हॉस्पिटलला फोन लावतील. हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली असेल तर पहिल्या वैद्यकीय मदतीपासून नव्वद मिनिटांत ती फुग्याने उघडावी, दुसऱ्या हॉस्पिटलात हलवायचं असेल तर एकशेवीस मिनिटांत, हा डॉक्टरांचा ठरलेला हिशोब आहे. त्या घरापासून तो कोरड्या रस्त्यावर, दिवसाउजेडीसुद्धा जमत नाही. आणि एल्कचा रायफल सीझन येतो ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे ऐन बर्फाच्या तोंडावर.

पूर्व मोंटानातल्या आपल्या सहलीतला तो तिसरा गडी आठवतो ना? त्याची तब्येत बिघडली तेव्हा हेलिकॉप्टर बोलावलं होतं, पण बर्फामुळे उडालंच नाही. शेवटी त्याला रस्त्याने नेलं. तो वाचला. त्या रात्री तूच मला म्हणाला होतास की म्हातारपणी असल्या जागी राहायचं नाही.

शिकारीत हृदयावर किती ताण येतो ते आपण दोघंही कमीच धरतो. मिशिगनमध्ये हरणांच्या सीझनला शिकाऱ्यांच्या छातीला मॉनिटर लावून एक अभ्यास झाला होता. काहींच्या हृदयाचे ठोके ट्रेडमिलवर गाठलेल्या कमाल आकड्याच्याही वर गेले. सावज दिसल्यावरची धडधड, चढण, थंडी, जाड कपडे आणि शेवटी दीडशे पौंडांचं धूड ओढत आणणं, सगळं एकदम येतं. एल्क तर याच्या तिप्पट-चौपट वजनाचा. तो दरीत पडला तर तुकडे करून पाठीवरून चार-पाच खेपांत वर आणावा लागतो. तुझ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, हातात धारदार सुरी आहे, बोटं गारठलीत आणि आसपास कोणी नाही. हे चित्र मला झोपू देत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की आपल्या वयात नकाशावर पहिली खूण हॉस्पिटलची करावी. तिच्याभोवती एका तासाचं वर्तुळ काढावं आणि त्या वर्तुळात सगळ्यात चांगलं रान कुठे आहे ते शोधावं. तू रान आधी निवडलंस आणि मग त्याच्या जवळपास डॉक्टर शोधायला लागलास.

आम्ही इकडे आलो ते याच हिशोबाने. सुनंदाचा थायरॉइड आणि माझं अनियमित ठोक्यांचं दुखणं, दोन्हींचे डॉक्टर हवे होते. ला क्रॉस हे गाव जेमतेम बावन्न हजार वस्तीचं, पण मिसिसिपीच्या काठावर त्याला दोन मोठी हॉस्पिटलं आहेत. एक गंडरसन, ज्याचं नाव आता एम्प्लिफाय झालंय, आणि दुसरी मेयोची शाखा. खुद्द मेयो क्लिनिक मिनेसोटातल्या रोचेस्टरला, आमच्यापासून सव्वा तासावर. १८८३ साली त्या गावात चक्रीवादळाने हाहाकार केला, त्यानंतर तिथल्या ख्रिस्ती नन्सनी डॉक्टर मेयोंच्या मागे लागून हॉस्पिटल उभं केलं, ते १८८९ मध्ये सुरू झालं. मक्याच्या शेतांमधे जगभरचे रोगी येतात ते त्या बायकांच्या हट्टामुळे. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

आणि रान? सुधीर, इथे येऊन बघच एकदा. हिमयुगात आजूबाजूचा सगळा मुलूख हिमनद्यांनी रंधा मारल्यासारखा सपाट केला, हा एवढा भाग राहून गेला. म्हणून याला 'ड्रिफ्टलेस' म्हणतात. उभे कडे, ओकची जंगलं, मधल्या घळींतून थंडगार झरे, माथ्यावर मका आणि सोयाबीन. हरणाला दिवसा लपायला कडा आणि रात्री चरायला शेत, याहून काय हवं? आमच्या वायव्येला बफेलो काउंटी (जिल्हा) आहे, मोठ्या शिंगांच्या व्हाइटटेल हरणांच्या नरांसाठी देशभर नावाजलेली. टर्की तर इतक्या आहेत की एप्रिलमध्ये पहाटे त्यांच्या आवाजानेच जाग येते. एकेकाळी त्या इथून साफ नाहीशा झाल्या होत्या. १९७६ मध्ये मिसूरीतून आणून शेजारच्या व्हर्नन काउंटीत सोडल्या, त्या बदल्यात विस्कॉन्सिनने त्यांना ग्राउस पक्षी दिले. आज ज्या टर्कीवर आपण टॅग (एका जनावराच्या परवानगीची चिठ्ठी) लावतो त्या त्यांच्याच पिढ्या. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच झालं, तुझ्या आजोबांच्या पिढीने फार काही शिल्लक ठेवलं नव्हतं. इथे मोजून टॅग देतात आणि जनावर वाढवतात, म्हणून मला बंदूक उचलताना मनात काही सलत नाही.

एक उणीव आहे ती सांगतो. मोंटानात सरकारी जमीन अफाट आहे, इथे बहुतेक जमीन खाजगी. शेतकऱ्याच्या दारात जाऊन ओळख करावी लागते, उन्हाळ्यात त्याचं कुंपण सावरायला हात लावावा लागतो, दिवाळीचा फराळ नेऊन द्यावा लागतो. (चकली सगळ्यांना आवडते, अनारसा कोणालाच नाही.) तरी मिसिसिपीच्या दोन्ही काठांनी दोनशे एकसष्ट मैल लांबीचं १९२४ सालचं अभयारण्य आहे, त्याच्या बऱ्याच भागात शिकारीला मुभा आहे, बदकांसाठी तर स्वर्गच. धरण अर्धवट सोडून दिल्यामुळे उरलेलं किकापू खोऱ्यातलं साडेआठ हजार एकरांचं राखीव रान आहे. नदीपलीकडे मिनेसोटात व्हाइटवॉटरचं रान आहे. आपल्या दोघांच्या पायांना तेवढं पुरून उरेल.

दुसरी काळजी जास्त मोठी आहे. हरणांमध्ये सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आहे, विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ साली सापडला आणि आमच्या आग्नेयेच्या काउंट्यांत आता भरपूर पसरलाय. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित जनावराचं मटण खाऊ नये असा सल्ला आहे, आणि शिजवल्याने तो जात नाही. आम्ही प्रत्येक हरणाचा नमुना तपासायला देतो, राज्य ते फुकट करून देतं. निकाल येईपर्यंत मटणाच्या पिशव्या फ्रीझरमध्ये, वर तारीख घालून. सुनंदा त्याआधी एक तुकडाही कढईत पडू देत नाही. निकाल चांगला आला की मग तिच्या हातचा तांबडा रस्सा. मोंटानातही हा रोग २०१७ पासून आहे, त्यामुळे त्यातून सुटका तिकडेही नाही.

परवान्याचंही सांगून ठेवतो. मोंटानात स्थानिक रहिवासी म्हणून परवाना मिळायला १८० दिवस राहावं लागतं, वायोमिंगला पूर्ण वर्ष. विस्कॉन्सिनला तीस दिवस पुरतात. ऑगस्टमध्ये सामान हलवलंस तर नोव्हेंबरच्या नऊ दिवसांच्या बंदुकीच्या सीझनला तू इथला शिकारी म्हणून उभा राहशील.

मेडिकेअरकडे, म्हणजे आपल्या म्हातारपणीच्या सरकारी आरोग्य विम्याकडे, मात्र घर विकण्याआधी बघ. तुझा अ‍ॅडव्हांटेज प्लॅन, म्हणजे खाजगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर, काउंटीला बांधलेला आहे, राज्य बदललं की तो संपतो. पण त्या प्लॅनच्या भागातून बाहेर गेल्यामुळे तो गेला, तर मूळ मेडिकेअरवर परत येऊन काही ठरावीक मेडिगॅप (मेडिकेअरला पूरक विमा) पॉलिसी तब्येत न तपासता घेण्याचा हक्क मिळतो, जुना प्लॅन संपल्यापासून त्रेसष्ट दिवसांच्या आत. एरवी स्टेंट बसलेल्या माणसाला बऱ्याच राज्यांत कंपनी नाही म्हणू शकते. ही संधी दवडू नकोस. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटाचे मेडिगॅप इतर राज्यांपेक्षा वेगळ्या धर्तीचे आहेत, तेव्हा इलिनॉयचं कोष्टक इथे लावू नकोस. आणि नवा अ‍ॅडव्हांटेज प्लॅनच घ्यायचा असला तर हवं ते हॉस्पिटल त्यात बसतं का, हे त्या हॉस्पिटलच्या बिलिंग खात्यालाच फोन करून विचार. एजंटच्या शब्दावर विसंबू नकोस.

इथेही कुठलंही घर घेऊन चालत नाही. घळीतल्या घरांत मोबाइलला रेंज नसते. बाहेरच्या वस्त्यांवर अ‍ॅम्ब्युलन्स बऱ्याच ठिकाणी गावातले स्वयंसेवक चालवतात. ते जिवाला जीव देणारे लोक आहेत, पण पहाटे तीनला ते आधी आपल्या अंथरुणातून उठून गाडीपर्यंत येणार. आम्ही घर बघायला जानेवारीत आलो होतो, आणि रात्री अंधारात दारापासून ईआरपर्यंत गाडी चालवून पाहिली. सुनंदा चालवत होती, कारण वेळ आली तर चालवणार तीच. तिला एक घाट नको वाटला, म्हणून ते सुंदर घर आम्ही सोडलं आणि ओनलास्काचं हे साधं घर घेतलं. वहिनींना रात्री बर्फात गाडी चालवायची भीती वाटते हे तुला ठाऊक आहे. त्यांना त्या मोंटानाच्या रस्त्यावर बसवणार आहेस का?

मोंटाना सोडवतच नसेल तर निदान मिझुला किंवा बिलिंग्ज शहराजवळ घर बघ. तिथे हृदयाचे चांगले विभाग आहेत आणि रानही फार लांब नाही. पण नातवंडं शिकागोत आहेत. इथून शिकागो साडेचार तासांवर, गणपतीला मंडळात जाऊन परत येता येतं, आणि ला क्रॉसहून थेट रेल्वेही आहे. तीच एम्पायर बिल्डर पुढे मोंटानात जाते, तेव्हा परवान्याच्या सोडतीत नाव आलं तर एल्कसाठी आपण दोघं तिने जाऊ. इथे ब्लॅक रिव्हर फॉल्सजवळही २०१५ पासून एल्कचा कळप आहे. टॅग मोजकेच, पण अर्ज मी दरवर्षी करतो.

मचाणावर चढणं आता आपण दोघांनी बंदच करूया. मी जमिनीवरच्या आडोशात बसतो, शेजारच्या शेतकऱ्याचा मुलगा चारचाकी घेऊन हरीण ओढून आणतो, त्याला एक मांडी देतो. तुझ्यासाठी दुसरा आडोसा मी उन्हाळ्यातच बांधीन.

त्या घराचा इसार अजून दिला नसशील तर थांब. टर्कीचा सीझन मेअखेरपर्यंत आहे. वहिनींना घेऊन तेव्हा ये. येताना अँजिओप्लास्टीचे सगळे कागद आण, इथल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नव्या रोग्याला नंबर मिळायला वेळ लागतो, म्हणून भेटीची वेळ मी आत्ताच धरून ठेवतो. तुझा होकार आला की लगेच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अरुण