दोन ओळींच्या तक्रारीचं काय होतं

शृंगारतळी, ता. गुहागर

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरवाल्यांना पाठवायचा तक्रारीचा मजकूर आधी मला वाचायला दिलास ते बरं केलंस. तो पाठवू नकोस. ‘मराठी नीट दिसत नाही, किती वर्षं सांगायचं, एवढी साधी गोष्ट जमत नसेल तर बंद करा तुमचं दुकान’ यातून तुझा राग कळतो, बिघाड कळत नाही. तिथे आलेल्या तक्रारी चाळायला बसणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. जो कोणी हे उघडेल तो जर्मनीत असेल नाहीतर ब्राझीलमध्ये, त्याला देवनागरीचं एक अक्षर येत नसेल, आणि आपली नोकरी आटपून तो रात्री तासभर बसलेला असेल. त्या तासातली पाच मिनिटं तुझ्या वाट्याला येणार. तेवढ्यात त्याला तोच बिघाड स्वतःच्या पडद्यावर दिसला पाहिजे, एवढंच बघ.

अपेक्षा ठेवूच नये असं मी म्हणत नाही. ‘फुकट मिळालंय ना, मग गप्प बसा’ हे मला कधीच पटलेलं नाही. आणि दाखले, अर्ज टाइप करणाऱ्या बाईला ‘कोड खुला आहे, दुरुस्त करून पाठवा’ असं सांगणं हा शुद्ध उद्धटपणा आहे. पण कशावर हक्क सांगता येतो ते परवान्यात लिहिलेलं असतं, आणि तो कोणी वाचत नाही. लिबरऑफिसचा परवाना आहे मोझिला पब्लिक लायसन्स २.०. त्याचं सहावं कलम सांगतं की वस्तू जशी आहे तशी दिली आहे, हमी कसलीही नाही. सातवं सांगतं की नुकसान झालं तर जबाबदारी नाही. बदल्यात वापरायची, आतलं बघायची, बदलायची, वाटायची मुभा मिळते. म्हणजे कोडवर तुझा हक्क, ते लिहिणाऱ्याच्या वेळेवर नाही. माझ्या मते तरीही चार गोष्टी मागायला हरकत नसते: सुरक्षेतलं भगदाड लवकर बुजवावं, फाइल खराब होऊ नये, एखादी गोष्ट करणार नसाल तर तसं स्पष्ट सांगावं, आणि बोलताना माणसासारखं बोलावं. अमुक तारखेला हवं, माझंच आधी करा, हे मागता येत नाही. ते हवं असेल तर पैसे मोजायचे. कोलाबोरासारख्या कंपन्या लिबरऑफिसवर पगारी माणसं बसवतात, पण ती माणसं आधी त्यांच्या ग्राहकांचं काम करणार, हे उघड आहे. तुझी कंपनी रोज हेच सॉफ्टवेअर वापरते ना? मग हा विषय साहेबांकडे काढायला काय हरकत आहे? आपल्याकडे झेरोधा या शेअर-दलाल कंपनीनं २०२४ मध्ये फ्लॉस फंड सुरू केला, जगभरच्या मुक्त प्रकल्पांना वर्षाला १० लाख डॉलर द्यायचे म्हणून. अशी उदाहरणं सांगितली की साहेब लोक जरा ऐकतात.

आता तुझा बिघाड. ‘दऱ्या’ लिहिलं की ‘दर्या’ दिसतं, असं तुझं म्हणणं. (कोकणच्या पत्रकात दोन्ही शब्द येणार, म्हणून चूक लगेच डोळ्यांत भरते.) आधी टाइप काय झालंय ते तपास. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकात साधा र जे (J) या कळीवर आहे आणि नुक्त्याचा ऱ शिफ्ट धरून त्याच कळीवर. शिफ्ट सुटला, की साध्या र ला हलन्त लागून पुढच्या य वर रफार चढतो, आणि तो बरोबरच चढतो. तिथे सॉफ्टवेअरचा काही दोष नाही. नुक्त्याच्या ऱ चा युनिकोड क्रमांक ०९३१, साध्या र चा ०९३०. जुन्या फाइलींत तिसराच प्रकार सापडतो: साधा र, हलन्त आणि त्याच्यापुढे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, क्रमांक २००डी. पडद्यावर अर्धा ऱ तसाच दिसतो, पण शोध घेतला तर शब्द सापडत नाही. आणि कॉपी-पेस्ट करताना मधल्या एखाद्या प्रोग्रामनं ते चिन्ह गाळलं, तर ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. तुझा मजकूर ग्रामपंचायतीच्या जुन्या फाइलीतून उचललेला आहे, त्यामुळे मला याचाच संशय जास्त आहे. तो शब्द पुसून हातानं नव्यानं टाइप कर. बरोबर दिसला तर बिघाड फाइलीत होता, तक्रार करायचं कारणच उरत नाही.

तरीही चुकीचाच दिसला तर फॉन्टकडे वळ. फॉन्टच्या चौकटीत नाव तिरक्या अक्षरांत दिसत असेल तर तो फॉन्ट तुझ्या मशीनवर नाही, आणि लिबरऑफिसनं त्याच्या जागी दुसरा लावलेला आहे. देवनागरीसाठी लिबरऑफिस इंग्रजीपेक्षा वेगळा फॉन्ट धरतं. सेटिंगमध्ये त्याला कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट म्हणतात. लोक इंग्रजीचा बदलतात आणि मराठी बदललं नाही म्हणून ओरडतात. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता लावून बघ.

मग तोच शब्द, तोच फॉन्ट, पण दुसरा प्रोग्राम. अक्षरं जुळवायचं काम लिबरऑफिस स्वतः करत नाही, हार्फबझ नावाची लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात असा तयार कोड, करते. ५.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, विंडोज असो की लिनक्स, सगळीकडे तीच आहे. फायरफॉक्सही तीच वापरतो. नोटपॅड मात्र विंडोजची स्वतःची यंत्रणा वापरतं. तेव्हा नोटपॅडमध्येही बिघडलेलं दिसलं तर फॉन्टवर संशय घे आणि फॉन्ट बनवणाऱ्यांना कळव. नोटपॅडमध्ये बरोबर पण फायरफॉक्स आणि लिबरऑफिस दोन्हींत चूक, तर हार्फबझकडे बोट जातं. एकट्या लिबरऑफिसमध्येच चूक असेल तरच तुझी तक्रार लिबरऑफिसकडे जायची. चुकीच्या दारात ठेवलेली तक्रार महिनोन्महिने तशीच पडून राहते, आणि आपण म्हणतो मराठीकडे कोणी लक्ष देत नाही.

लिबरऑफिसचंच निघालं तर दोन गोष्टी करून घे, कारण पहिला प्रश्न त्याच विचारतात. मदत मेनूतून सेफ मोडमध्ये सुरू करून बघ. तिथे बिघाड गेला तर तुझं प्रोफाइल, म्हणजे तुझ्या सेटिंगची साठवण, खराब झालंय. आणि सगळ्यात नवी आवृत्ती लावून बघ. उबंटू या लिनक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीबरोबर जे लिबरऑफिस येतं ते जुनं असतं, त्यातला बिघाड कदाचित केव्हाच सुटलेला असेल. आवृत्तीचा तपशील हातानं लिहू नकोस. ‘लिबरऑफिसविषयी’ या खिडकीत तो उचलायचं बटण आहे, ते दाबून चिकटव.

जोडायची फाइल नवी कर. तीत तो एकच शब्द आणि फॉन्टचं नाव, बाकी काही नको. ग्रामपंचायतीचा खरा दाखला चुकूनही जोडू नकोस. तक्रारीची जागा जगाला उघडी असते, आणि गावच्या माणसाचं नाव, पत्ता, आधार क्रमांक एकदा तिथे चढला की मागे घेणं कठीण. सोबत दोन चित्रं दे: एक चुकीच्या अक्षराचं, एक बरोबर अक्षराचं, दोन्हींत त्या जागेला बाण. वाचणाऱ्याला रफार आणि अर्धा ऱ यातला फरक ठाऊक नाही हे धरून चाल. शीर्षकात ‘तातडीचं’, ‘लाजिरवाणं’ असे शब्द नकोत. कोणत्या प्रोग्राममध्ये कोणतं अक्षर कोणत्या फॉन्टमध्ये चुकतं, एवढं पुरे. आणि आधीच्या एखाद्या आवृत्तीत हेच बरोबर दिसत होतं असं तुला सापडलं, तर ती ओळ सगळ्यात वर लिही. त्यांच्याकडे मधल्या प्रत्येक टप्प्याच्या तयार आवृत्त्या साठवलेल्या असतात. निम्म्यावर चाचणी, मग उरलेल्याच्या निम्म्यावर, असं करत हजार टप्प्यांतून दहाएक चाचण्यांत नेमका दोषी बदल हाती लागतो. हे काम प्रोग्रामिंग न येणारा माणूसही करू शकतो. दुरुस्ती करणाऱ्याचा निम्मा वेळ इथेच वाचतो.

उत्तर आलं नाही तर? तीन-चार आठवडे थांब. मग लिहायचं ते काहीतरी नवं: नव्या आवृत्तीवर बघितलं, अजून आहे. ‘मलाही हाच त्रास’, ‘काही प्रगती?’ यानं तक्रारीशी जोडलेल्या सगळ्यांना ईमेल जाते आणि कोणालाच काही कळत नाही. त्यांनी माहिती मागितली आणि तू दिलीच नाहीस, तर काही महिन्यांनी ते तक्रार बंद करतात, त्यात रुसण्यासारखं काही नाही. आणि दुरुस्ती झाली म्हणून दुसऱ्या दिवशी ती हातात पडत नाही. मोठ्या आवृत्त्या फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये निघतात.

दबाव टाकल्यावर कामं होतात असं तू लिहिलंस, म्हणून एक्सझेडचं सांगते. फाइली आवळायचं हे साधन जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं आणि वर्षानुवर्षं लासे कॉलिन या एकाच माणसानं सांभाळलेलं. २०२२ मध्ये काही अनोळखी नावं त्याच्या मागे लागली: कामं तुंबलीत, दुसऱ्याच्या हाती द्या. हे बिनपगारी, छंदाचं काम आहे असं त्यानं उत्तरात लिहिलं होतं. मदतीला म्हणून जो ‘जिया टॅन’ पुढे आला त्याच्याकडे हळूहळू अधिकार गेले, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट शिरली. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला, त्यानं पाठ सोडली नाही, म्हणून ते उघड झालं. ती मागे लागलेली नावंही त्याच कटातली होती असा बहुतेकांचा कयास आहे. मला त्यात सगळ्यात बोचलं ते हे की ती नावं कोणाला संशयास्पद वाटलीच नाहीत. बोलण्याची ती रीत इतकी रोजची झाली होती.

हातभार लावायची तुझी इच्छा आहे, तर कोडपासून सुरुवात करायची गरज नाही. भाषांतर घे. लिबरऑफिसचं भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर चालतं, खातं उघडलं की झालं. पण सवयीनं चुका होतात त्या अशा. मूळ वाक्यात टक्केचिन्ह आणि त्याला चिकटलेला आकडा असेल, तर ती प्रोग्रामची खूण आहे. त्यातला आकडा देवनागरी केलास की पडद्यावर फाइलीच्या नावाऐवजी ती खूणच उमटते. मेनूच्या शब्दांत अधोरेषा किंवा तरंगरेषा येते ती पुढच्या अक्षराचा शॉर्टकट दाखवायला. ती जोडाक्षराच्या पोटात टाकलीस तर अक्षर फुटतं. पहिल्या व्यंजनाच्या आधी ठेव. आणि सगळ्यात नडतं ते आपलं सामान्यरूप. खुणेच्या जागी उद्या काय येईल ते ठाऊक नसतं: दापोली आलं तर ‘दापोलीत’, मालवण आलं तर ‘मालवणात’. खुणेला ‘त’ चिकटवून ‘मालवणत’ करण्यापेक्षा वाक्यच फिरव, ‘ठिकाण:’ लिहून पुढे खूण ठेव. सुरुवातीला थेट जतन न करता सूचना म्हणून टाक, आणि आधीच्या लोकांनी ‘सेव्ह’ला ‘जतन’ म्हटलं असेल तर तुला आवडो न आवडो, तेच ठेव. एकाच मेनूत दोन शब्द म्हणजे वापरणाऱ्याचा गोंधळ. शंभर ओळी घाईनं भरल्यास तर त्या तपासायला दुसऱ्याची संध्याकाळ जाते. वीस नीट कर.

टी-शर्टसाठी किंवा बायोडेटासाठी मात्र काही पाठवू नकोस. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट, म्हणजे सुचवलेले बदल, पाठवले की टी-शर्ट मिळे, म्हणून लोकांनी माहितीपत्रकांत एकेक विशेषण घालून पाठवलं. सांभाळणारे इतके वैतागले की आयोजकांना नियम बदलून ‘ज्या प्रकल्पाला हवं त्यानंच सामील व्हावं’ असं करावं लागलं. अलीकडे एआयकडून लिहून घेतलेल्या खोट्या सुरक्षा-तक्रारींनी कर्ल हे इंटरनेटवरून माहिती आणणारं साधन सांभाळणारा डॅनियल स्टेनबर्ग त्रासलेला आहे. वाचायला सुबक, आत काही नाही, आणि खोटं आहे हे ठरवायलाच तासन्‌तास जातात.

गणपतीला घरी येशील तेव्हा ओपनस्ट्रीटमॅपचंही, म्हणजे लोकांनीच मिळून काढलेल्या मुक्त नकाशाचंही, एक काम कर. आपल्या वाड्यांची नावं, पऱ्ह्यांवरचे साकव, पाखाड्या हे पुण्यात बसून कोणाला कळणार नाही. तिथे तुझा शब्द लंडनच्या प्रोग्रामरपेक्षा भारी. दाभोळ-धोपावेसारख्या फेरीबोटीची रेषा दोन्ही काठांच्या रस्त्यांना एकाच बिंदूनं जोडलेली आहे का ते आधी बघ. नुसती जवळ टेकवली असेल तर रस्ता शोधणारं ॲप गाडीला पार चिपळूणवरून फिरवतं. किनाऱ्याच्या रेषेला नवशिक्यानं हात लावू नये. ती अशी काढलेली असते की जाताना पाणी उजव्या हाताला येतं, आणि ती उलटली किंवा तुटली तर नकाशावर गावच समुद्रात जातं. गूगलच्या नकाशावरून एकही नाव उतरवायचं नाही, परवानगी नाही. स्वतः पाहिलेलं, विचारलेलं तेवढंच, आणि प्रत्येक बदलासोबत काय बदललं ते एका ओळीत.

तुझ्या तक्रारीचं: नव्यानं लिही आणि क्रमांक मिळाला की मला कळव. दुसऱ्या कोणीतरी पडताळून पाहीपर्यंत ती ‘अपुष्ट’ म्हणूनच राहते. तुझं विंडोज आहे, दुकानातल्या मशीनवर लिनक्स आहे, त्यामुळे मी बघितलं तर दोन्हीकडचं कळेल. फक्त पायऱ्या मला फोनवर सांगू नकोस. जे तिथे लिहिशील तेवढंच वाचून मी करणार. पावसानं वीज सारखी जातेय, तेव्हा सकाळच्या वेळात बघेन.

तुझी,
आई