सर, त्या गाजरासाठी थँक्यू

सर, समोर आलात की घसा दाटतो आणि बोलायचं राहूनच जातं, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

मागच्या पावसाळ्यात आई गेली आणि उचगावच्या घरात मी एकटाच उरलो. कामावरून यायचं, दार लावायचं, पडायचं. अशात तुम्ही वेटिंग फॉर गोदो या नाटकाचं स्क्रिप्ट हातात ठेवलात, म्हणालात एस्ट्रागॉन तू करायचास. पहिल्या वाचनात खरंच काही कळलं नव्हतं, दोघं एका झाडापाशी गोदोची वाट बघतात आणि तो दोन्ही अंकांत येतच नाही, एवढंच. गोदो म्हणजे कोण विचारलं तर तुम्ही म्हणालात नाटक लिहिणाऱ्या बेकेटनं पण कधी सांगितलं नाही, मला माहीत असतं तर नाटकातच लिहिलं असतं म्हणायचा.

पहिल्या अंकात व्लादिमिर भुकेल्या एस्ट्रागॉनला खिशातून आधी सलगम काढून देतो आणि मग गाजर. खोटं खोटं चावायचं नाही म्हणून तुम्ही रोज खरं गाजर आणायचात, धुऊन, रुमालात गुंडाळून. पुढं गाजराबरोबर डबा यायला लागला, काकूंनी आज जास्तच केलंय बग म्हणायचात. रोज कसं जास्त होईल सर? मी घरी काही शिजवत नाही हे तुम्ही ओळखलं होतंत आणि एका शब्दानं विचारलं नाहीत.

तालीम सुटली की माझी बस येईपर्यंत बेळगावच्या सीबीटी बसस्टँडवर थांबायचात, तुमचं घर शहापुरात असून. तिथंच उभ्या उभ्या सान क्वेंटिनचं सांगितलंत, १९५७ साली अमेरिकेतल्या त्या तुरुंगात सुमारे १४०० कैद्यांसमोर हेच नाटक झालं, नाटकात बाईचं काम नाही हे पण ते निवडायचं एक कारण होतं, आणि बाहेर भल्याभल्यांना जड गेलेलं नाटक त्या कैद्यांना बरोबर भिडलं, कारण वाट बघणं म्हणजे काय ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्या रात्री बस हिंडलग्याच्या जेलवरून गेली, मी ती भिंत संपेपर्यंत बघत बसलो आणि आई गेल्यावर पहिल्यांदा रडलो. मोठ्यानं.

प्रयोग झाला, टाळ्या झाल्या, ते सगळं छानच. पण मला रोज संध्याकाळी कुठंतरी जायचं होतं आणि तिथं कुणीतरी माझी वाट बघत होतं, हे तुमच्यामुळं झालं.

काकूंना सांगा, दोन डबे माझ्याकडंच राहिलेत. डबा रिकामा परत देऊ नये म्हणायची आई. रविवारी येतो, आमच्या शेतातला बासमती भरून.