सूचना: चांदणीला निरोप

सर्व सभासदांना नमस्कार.

आपल्या चांदणी घोडीला येत्या रविवारी सकाळी इंजेक्शन देऊन कायमचा निरोप द्यायचा आहे. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा असल्याचा निकाल उच्च न्यायालयाने 2015 मध्ये दिला, त्यानंतर ती आपल्याकडे आली. आज तिचं वय तिशीच्या आसपास आहे. दाढा झिजल्यात, गवताचा अर्धवट चावलेला गोळा तोंडातून तसाच गव्हाणीत पडतो. पुढच्या खुरांचं दुखणं औषधाला दाद देत नाही, आणि खाली बसली की उठवायला चौघं लागतात. तिचे हाल आणखी लांबवू नयेत, या डॉक्टरांच्या मताशी आम्ही सहमत आहोत. जड मनाने, पण ठामपणे.

भेटायला शनिवारी दुपारी चार ते सहा या. एका वेळी दोघं-तिघंच, डाव्या बाजूने, आवाज देत. उजव्या डोळ्याने तिला दिसत नाही. साज घासून खांद्यावर जिथे पांढरे केस उगवलेत, तिथे खाजवलेलं तिला फार आवडतं. अख्खं गाजर देऊ नका, घशात अडकतं. भिजवलेल्या कोंड्यात गूळ कालवून ठेवू, तोच भरवा.

रविवारी फक्त डॉक्टर आणि रोजचे सेवेकरी थांबतील. नंतर शेजारच्या ठाणातल्या शेरूला तिच्यापाशी आणू. जोडीदाराला हुंगू दिलं नाही, तर घोडे बऱ्याचदा हाका मारत शोधत राहतात.

इंजेक्शनचं औषध मृतदेहात टिकतं आणि कुत्र्या-गिधाडांना मारक ठरतं, म्हणून विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात पुरायचं आहे. जेसीबी शनिवारी सकाळी येईल. मदतीला येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नावं कळवावीत.