सोळा हजारातले गुरुजी

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की झेडपीच्या मास्तरांना लाखभर पगार आणि काम शून्य. असं बोलणारे नाशकात चहाच्या टपरीवर, व्हॉट्सॲपवर, सगळीकडे भेटतात. लाखाच्या आसपास पगार असतो ना, नाही कोण म्हणतंय, पण तो नोकरीत केस पिकलेल्या माणसाचा. आज जी पोरगी नव्याने लागते तिच्या हातात काय पडतं हे कोणी विचारत नाही. माझी पुतणी सध्या सुरगाणा तालुक्यात शिक्षण सेवक (म्हणजे रेग्युलर व्हायच्या आधीची, मानधनावरची शिक्षिका) आहे म्हणून हे सगळं जवळून बघतोय.

आधी तिथपर्यंत पोचायचं कसं ते ऐका. बारावी, मग दोन वर्षांचं डीएड (आता डीएलएड), मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते पाचवीला शिकवायचं तर पेपर एक, दीडशे मार्कांचा, ओपनवाल्याला त्यात नव्वद पाहिजेत. ती काढली म्हणजे नोकरी नाही हं, नुसतं लाइनीत उभं राहता येतं. पुढं अभियोग्यता चाचणी, दोन तासात दोनशे प्रश्न, त्या मार्कांवर पवित्र पोर्टलला (शिक्षक भरतीची सरकारी वेबसाइट) मेरिट लागणार. आणि ही चाचणी झाली कधी तर 2017 ला, मग एकदम 2023 ला, मग 2025 ला. मधल्या काळात ज्यांचं डीएड झालं ती पोरं काय करत होती? आमच्या अंबड एमआयडीसीत ठेकेदाराकडं हेल्पर म्हणून लागलेले डीएडवाले मी स्वतः बघितलेत. वरून 2019-20 च्या टीईटीत पैसे देऊन मार्क वाढवल्याचं निघालं, हजारो जण बाद झाले, पण अभ्यास करून पास झालेल्या पोरांकडं पण लोक तेव्हा संशयानेच बघायला लागले त्याचं काय.

बरं एवढं सगळं करून लागलात तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, मानधन महिना सोळा हजार. ते पण 1 जानेवारी 2023 पासून, त्याआधी सहा हजार होते, हो सहाच. महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही. तीन वर्षांनी रेग्युलर झालं की मूळ पगार 29,200 चालू होतो, भत्ते धरून पंचेचाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो. काम तेच, वर्ग तेच, पोरं तीच, मग आदल्या महिन्यापर्यंत ती बाई अर्धी शिक्षिका होती का?

सोळा हजारात काय भागतं ते सांगतो. रोज नाशिकहून येणं-जाणं जमत नाही, म्हणून तिकडं खोली घ्यायची. पाड्यावर एसटी दिवसाला एखादी, ती चुकली की जीपमध्ये कोंबून जायचं, म्हणून मग हप्त्यावर स्कूटी घेतली, हप्ता आणि पेट्रोल. शनिवारी घरी यायचं. महिन्याच्या वीस-बावीस तारखेला तिचा फोन आला की पैसे संपलेत हे वहिनींना न सांगताच कळतं.

आणि काम नाही म्हणणाऱ्यांनी एकदा तिकडं जाऊन यावं. पोरं घरी कोकणा (तिकडची आदिवासी बोली) बोलतात, पुस्तक प्रमाण मराठीत, पहिलीचे सुरुवातीचे महिने एकमेकांचं बोलणं समजण्यातच जातात. शाळेत शिक्षक दोन. खिचडीचा हिशोब, यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीची ऑनलाइन माहिती (रेंज यायला टेकडीवर जायचं), मधेच इलेक्शनची ड्युटी. द्राक्षाचा सीझन आला की आई-बाप दिंडोरी-निफाडकडं कामाला निघतात, सोबत पोरं पण, मग बाई संध्याकाळी घरोघर फिरून विनवण्या करणार की पोराला आजीकडं ठेवा, शाळा बुडवू नका. हे कुठल्या जीआरमध्ये लिहिलेलं नाही, तरी करतात.

खासगीत जा म्हणणारे पण आहेत. पुतणी आधी इथल्याच एका इंग्लिश मीडियमला होती, तिथं सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच. खासगी शाळांतल्या स्टाफच्या पगाराचा कायदा 1977 चा आहे म्हणे, असेल कुठल्यातरी कपाटात.

सगळ्यात राग येतो तो या गोष्टीचा की 2023 मध्येच शासनाने रिटायर शिक्षकांना कंत्राटी घ्यायचं ठरवलं आणि त्यांना महिना वीस हजार धरले. त्यांना मिळू द्या, माझं काही म्हणणं नाही, पण पेन्शन चालू असलेल्या माणसाला वीस आणि ज्या पोरीचं लग्न, घर सगळं अजून व्हायचंय तिला सोळा, हे गणित कोणी मांडलं?

एके काळी बारावीला ऐंशी टक्के पडून पण डीएडला नंबर लागत नव्हता, आता सीटा रिकाम्या राहतात. हुशार पोरं वेडी नाहीत, त्यांना पण हिशोब येतो.

तेव्हा शिक्षणमंत्र्यांना तुमच्या पेपरामार्फत दोनच मागण्या. शिक्षण सेवक हा प्रकार बंद करून पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतनश्रेणी द्या, तीन वर्षं काम बघायचंय तर प्रोबेशन ठेवा पण पगार कापू नका. आणि अभियोग्यता चाचणी दरवर्षी एका ठरलेल्या महिन्यात घ्या, रिकाम्या जागा जिल्हावार आधी जाहीर करून.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक